धुराड्याला घातलेला हार

आमच्या घरात सगळ्यांत भित्री मी. कुकरची दुसरी शिट्टी वेळेवर झाली नाही की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि झालीच तर तिसरीच्या काळजीनं तो तिथंच बसून राहायचा. आई म्हणायची, ही पोरगी पाळण्यात ठेवल्या ठेवल्या आधी छत बघून घ्यायची, पडत तर नाही ना. आता माझे केस पिकले, गुडघे कुरकुरतात, पण कान अजून त्याच वयाचे आहेत. वरच्या मजल्यावर कुणी लागोपाठ दोनदा खोकलं की माझं हातातलं काम थांबतं आणि मी तिसऱ्या खोकल्याची वाट बघत उभी राहते. घरातल्यांना वाटतं म्हातारी कशाला उठली तेच विसरली. वाटू दे. ती खोड मला कुठून लागली ते एकदा लिहून ठेवायचं म्हणते आहे.

आम्ही तेव्हा पुनावळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. इमारत चार मजल्यांची, आणि ती ज्या जमिनीवर उभी होती ती बाळूअण्णांची. बिल्डरला जमीन देऊन त्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले होते, आणि सोसायटीचं चेअरमनपद त्यांच्याकडे आपसूकच चालत आलं होतं. मागच्या उरलेल्या तुकड्यात त्यांचा गोठा होता, त्यात दोन म्हशी आणि एक कामाला न जाणारा बैल. सकाळी एका बाजूनं हायवेवरच्या कंटेनरची घरघर आणि दुसऱ्या बाजूनं त्या बैलाचं हंबरणं, अशात आमचा दिवस उजाडायचा. आईवडील औशाकडचे. लग्न झाल्या झाल्या इकडं आले. पप्पा पत्र्याचं काम करायचे. चाकणच्या एका कंपनीत रंगाच्या भट्ट्या होत्या, त्या भट्ट्यांची गरम हवा बाहेर काढायचे मोठमोठे पाइप ते बनवायचे आणि बसवायचे. त्यांना मीटरपट्टी लागायची नाही. बोटं फाकवून पत्र्यावर ठेवली की माप. मी त्यांना एकदा विचारलं होतं की तुम्ही नक्की काय बनवता, तर म्हणाले, "वाऱ्याला वाट करून देतो."

ते काम सुटलं तेव्हा मी नववीत होते. एका भट्टीचा धूर उलटा फिरून शेडमध्ये आला, दोघं-तिघं चक्कर येऊन पडले, आणि पाइपचं माप चुकलं असं ठरलं. पप्पा कॉन्ट्रॅक्टवर होते, त्यांचा गेटपास बंद झाला. ते भांडले. सुपरवायझरशी भांडले, कॉन्ट्रॅक्टरशी भांडले, गेटवर उभे राहून भांडले. "माप माझं चुकलेलं न्हाई, वरचं तोंड उघडून बघा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि वर चढून बघायला कुणाला सवड नव्हती. त्यानंतर ते नव्या इमारतींना खिडक्यांच्या जाळ्या बसवत फिरायला लागले. काम मिळायचं, पण जेवताना कधी कधी ते ताटात बोटं फाकवून बघत बसायचे. आई नजरेनंच मला गप्प राहा म्हणायची.

कॉफी आमच्या घरात आणली ती आईनं. आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉफी प्यायलं नव्हतं. पाहुण्याला कॉफी विचारली तर 'बरं नाही का?' असं त्यानंच उलट विचारावं, असं ते घर. पण आई हिंजवडीच्या एका ऑफिसात पॅन्ट्रीत होती, आणि तिथल्या एका कूर्गकडच्या मॅडमनी तिला स्वतःच्या मळ्यातले हिरवे दाणे आणून दिले. आईनं ते शेंगदाण्यासारखे लोखंडी कढईत भाजले. पहिल्या दिवशी निम्मे कोळसा झाले, निम्मे कच्चे राहिले, आणि घरभर एवढा धूर झाला की पप्पा ओला टॉवेल तोंडाला लावून जिन्यात जाऊन बसले. पण आईचा कान तयार होता. भाकरी फुगल्याचा आवाज ऐकू येतो असं म्हणणारी बाई ती. चार-सहा वेळा भाजल्यावर तिला कळलं की दाणा तडतडायला लागला की मनात मोजायचं आणि कितव्या आकड्याला उतरवायचं. ऑफिसातले लोक तिची पूड मागायला लागले. मग मॅडम पोतंच मागवायच्या, आणि आईचा हात कढईत उलथनं फिरवून फिरवून खांद्यातून दुखायला लागला. तेव्हा पप्पा उठले.

त्यांनी कुदळवाडीच्या भंगारातून वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम आणला, टेम्पोच्या वायपरची मोटर आणली, खाली गॅसचा बर्नर लावला आणि आमच्या ड्राय बाल्कनीत यंत्र उभं केलं. ड्रम फिरायचा, दाणे खळखळायचे, पण गरम हवेचं काय? खरी लढाई ती होती, आणि ती सहा महिने चालली. पहिल्यांदा त्यांनी पाइप नुसता ग्रिलबाहेर काढला. वारा हायवेकडून असायचा, सगळी ऊन हवा परत आमच्याच स्वयंपाकघरात. फडताळातले डबे हात लावू नये असे तापायचे, साखरेचं झाकण निघायचं नाही, आणि उन्हाळ्यात तर भाजणीच्या दिवशी आम्ही पोळ्या हॉलमध्ये फरशीवर बसून लाटायचो. मग त्यांनी ब्लोअर बसवला. ब्लोअरनं हवा जोरात ओढली की ड्रम गार पडायचा आणि दाणे रडत-खडत भाजले जायचे. मग पाइपात झडप बसवली. वरून फोलपटं. भाजताना दाण्यावरची पातळ साल सुटते, ती हवेबरोबर उडते आणि पाइपात बसते, आणि बसली की एखाद्या ठिणगीनं पेटते. हे पप्पांनी सांगितलं त्या दिवसापासून माझी झोप उडाली. त्यांनी फोलपटं पकडायला मध्ये एक डबा केला, तो मी भाजणीआधी दोनदा आणि नंतर तीनदा रिकामा करायची. "मनू, अगं पत्रा झिजंल," ते हसायचे.

आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर नूरचाची राहायच्या. त्यांचे मिस्टर भोसरीत लेथ मशीनवर कामाला होते, ते गेल्यावर त्या एकट्याच. त्यांना दमा होता. त्यांच्या खोकल्यावरून मला त्यांचा दिवस कळायचा. सकाळी उठल्यावरचा सुका, मसाला कुटतानाचा वेगळा, आणि हवा ढगाळ झाली की खोल, तळातून येणारा. ग्रिलबाहेरचा पाइप होता तेव्हा एकदा त्या खाली आल्या, दारात उभ्या राहून दम घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, वास लई छान येतो हो. पण तो नाकाला ठेवा, माझ्या छातीत नको. पाइप माझ्या बाल्कनीच्या कडेनं घ्या आणि गच्चीवर नेऊन सोडा. माझी हरकत नाही." पप्पांनी मग तसंच केलं. पत्र्याचा दुहेरी पाइप, मध्ये उष्णता अडवायला ग्लासवूल भरलेलं, चाचींच्या बाल्कनीच्या कोपऱ्यातून, कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीला भोक पाडून सरळ गच्चीवर. वर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून शंकूसारखी टोपी. पहिल्या दिवशी चाचींनी चालू भाजणीत पाइपावर हात ठेवून बघितला. कोमट होता. "माशाल्ला, ह्याच्यावर तर मांजर झोपंल," त्या म्हणाल्या. पप्पा खाली आले ते शीळ घालत. कंपनी सुटल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा करायची आणि त्यांना विश्रांती द्यायची, ही रीत चाकणच्या प्रत्येक शेडमध्ये. मशीन पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि बटणाला हात लावायचा नाही. पप्पांनी आमचं यंत्र कंपनीतल्यासारखं चकचकीत पुसलं. हार मी करत होते. ते म्हणाले, "एक ध्यानात ठेव. फिरतंय तिथं फूल नको. उद्या चालू करताना हार अडकला की मोटर गेली." म्हणून मी ड्रमला नाही, बाहेरच्या चौकटीला हार घातला. बर्नरला, ब्लोअरच्या अंगाला, फोलपटांच्या डब्याला, एवढंच काय, सिलिंडरलासुद्धा. तरी एक मोठा हार उरला. मला वाटलं, सगळ्यांना मिळालं, वरच्या टोपीला काहीच नाही. सगळ्यांत कष्टाचं काम तर तिचं. मी कुणाला न सांगता गच्चीवर गेले. वारा एवढा होता की हार टोपीवर ठरेना, दोनदा उडून पडला. तेव्हा मी तो गुंडाळला आणि टोपीच्या खाली, पाइपाच्या तोंडात मनगटापर्यंत हात घालून घट्ट खुपसला. चार केशरी फुलं तेवढी बाहेर दिसत होती. नमस्कार केला. भित्र्या माणसाला देव जरा जास्तच लागतो.

दसऱ्याच्या सकाळी पप्पांनी मुहूर्ताची भाजणी काढली. दिवाळीसाठी ऑफिसातून मोठी मागणी होती. त्यांनी यंत्रावरचे हार एकेक मोजून उतरवले, कंपनीत उतरवायचे तसे, आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. वरच्याची मला आठवणच झाली नाही. हे मी आजवर शंभर वेळा आठवून पाहिलं आहे, आणि खरंच झाली नाही. दाणे पडले, खळखळ सुरू झाली. नेहमीच्या वेळेला तडतड ऐकू आली आणि आई मोजायला लागली. तेवढ्यात ब्लोअरचा आवाज बदलला. जड झाला, भरल्या तोंडानं बोलल्यासारखा. फोलपटांच्या डब्याच्या फटीतून धूर यायला लागला, झडपेचा दांडा धरता येईना, आणि पप्पांनी गॅस बंद करेपर्यंत वरून खोकला ऐकू आला. मला ठाऊक असलेल्या खोकल्यांपैकी तो नव्हता. थांबतच नव्हता. मग थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

आम्ही तिघं जिन्यानं वर धावलो. चाचींच्या बाल्कनीतल्या सांध्यातून ऊन धूर फुसफुसत होता, नायलॉनची जाळी आकसून, वितळून पाइपाला चिकटली होती, आणि चाची खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर. हातात दम्याचा पंप, पण ओढायला दम नव्हता. आईनं त्यांना मागून धरलं. पप्पांनी अंगातला शर्ट काढून सांध्याला गुंडाळला, त्यांचे तळहात भाजले तरी सोडलं नाही. बाळूअण्णा आपली गाडी घेऊन खाली आले, चाचींना खुर्चीत बसवून उतरवलं आणि आई त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. मी गच्चीवर पळाले. टोपीच्या तोंडाशी हार होता. काळा, ओलसर, आणि त्यावर फोलपटांचा एवढा थर की कापूस ठासून बसवल्यासारखा. ओल्या झेंडूनं एकूण एक साल धरून ठेवली होती. मी तो दोन्ही हातांनी ओढून काढला, पिशवीत घातला आणि घरी येऊन कॉफीच्या रिकाम्या पोत्यात सगळ्यांत खाली दाबला. घाबरून केलं असं म्हणायची सोय आहे. पण काढताना मी खाली डोकावून बघितलं होतं, कुणी बघत तर नाही ना.

दहा मिनिटांनी पप्पा वर गेले. तोंड मोकळं होतं. वारा सरळ जात होता.

पुढचे चार दिवस आमच्या घरावर शांतता होती. चाचींना ऑक्सिजन लावला होता, धोका टळला असं आई सांगत होती, पण वर खोकला नव्हता, पावलं नव्हती, आणि त्या शांततेकडे कान लावून मी वेडी व्हायची पाळी आली. पप्पा पट्ट्या बांधलेल्या हातात खडू धरून ड्राय बाल्कनीच्या फरशीवर आकृत्या काढत बसायचे. सांधा इथं, वळण इथं, चढ इतका. पुसायचे, पुन्हा काढायचे. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "एक वळण जास्त झालं बघ, मनू. वाऱ्याला वळणं आवडत न्हाईत. मला कळायला पायजे होतं." मी कप ठेवला. कपाचा आवाज झाला तर तेवढ्यानं दचकले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. आईनं पोतं हलवलं की मी धावत जाऊन ते तिच्या हातातून घ्यायची, कुणी झेंडू म्हटलं तरी पाचावर धारण बसायची. दोनदा मी सांगायला म्हणून गेले आणि गणिताची वही विचारून परत आले. तुम्ही म्हणाल, बाप काय खाणार होता का तुला? नाही. त्यांनी जन्मात माझ्यावर हात उचलला नव्हता. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

रविवारी सकाळी बाळूअण्णांनी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं. चाचींना त्याच सकाळी दवाखान्यातून घरी आणलं होतं, त्या खुर्चीवर ओढणी नाकाला लावून बसल्या. चेहरा एवढासा झाला होता. बाळूअण्णा म्हणाले, "आमी कुणाच्या पोटावर पाय देत न्हाई. पन माणूस मरता मरता वाचलंय. काय झालं ते तुमीच सांगा."

पप्पा उभे राहिले. भाजलेले हात पुढं बांधून, कंपनीच्या गेटवर उभे राहायचे त्याच्या अगदी उलट. "माप चुकलं," ते म्हणाले. "माझं चुकलं. चाचींची माफी मागतो. मशीन आजच मोडतो." बसतील असं वाटलं, पण ते तसेच उभे राहिले आणि हळू म्हणाले, "मागं कंपनीतपण असंच झालतं. तवा मी लई भांडलो, लोकांना खोटं पाडलं. माझंच चुकलं असंल. भांडायला नको होतं."

यंत्र मोडणार हे मी कसंबसं गिळलं असतं. हे गिळता येईना. मी तीन मजले पळत चढले, पोतं उपडं केलं आणि पिशवी घेऊन खाली आले. सगळ्यांसमोर पप्पांच्या पायाशी ती ओतली. बुरशी आली होती, कॉफी आणि कुजक्या झेंडूचा वास सुटला. "मी घातला होता," मी म्हणाले. "टोपीच्या आत. मीच काढला." पुढचं बोलता आलं नाही, कारण आईची चपराक बसली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची.

"थांब गं," पप्पा आईला म्हणाले. ते खाली बसले होते. पट्टी बांधलेल्या बोटांनी त्यांनी तो गोळा उलगडला, आतल्या फोलपटांचा थर अंगठ्यानं दाबून पाहिला. "किती आत व्हता?" मी मनगट दाखवलं. "समदं तोंड भरलं व्हतं?" मी मान हलवली. त्यांनी बोटं फाकवून गोळ्यावर ठेवली, माप घेतलं, आणि मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मग माप बरोबर होतं," ते बाळूअण्णांना म्हणाले. मग शेजाऱ्यांना म्हणाले. मग चाचींकडे वळले आणि एकदम ओशाळले, कारण त्यांचं तोंड हसत होतं.

"हसा भाऊ, हसा," चाची ओढणीआडून म्हणाल्या. "माझा दम गेला, तुमचा परत आला. आमच्या ह्यांच्या लेथलापण हार असायचा, पण ते दुसऱ्या दिवशी दहादा बघायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू. मी तिथं चार दिवस पडून, आणि तू हे लपवून बसलीस?" त्या दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. फराळाचं ताट मी वर नेलं तेव्हा त्यांनी ते घेतलं, दार लावलं, आणि मग परत उघडून आत ये म्हणाल्या. मी त्यांना आजही दोष देत नाही.

बाळूअण्णांनी निकाल दिला, "माप बरोबर हाय, मान्य. पन वर माणूस ऱ्हातं, तवा हितं नको. गोठ्यामागं पत्र्याची खोली हाय, तिथं न्या. बैलाला दमा न्हाई." यंत्र तिथं गेलं आणि पुढं कितीतरी वर्षं चाललं. दर खंडेनवमीला पप्पा हार करणाऱ्या प्रत्येकाला तेच बजावायचे, फक्त त्यात एक ओळ वाढली होती. फिरतंय तिथं फूल नको, आणि वारं जातंय तिथं फूल नको.

पाइप उतरवायला त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. ते टोपीचे स्क्रू काढत होते, मी शिडी धरली होती. मला वाटत होतं, आता एकटं गाठून बोलतील. ते एकेक स्क्रू काढून खिशात टाकत राहिले. मग टोपी सुटली, ती माझ्या हातात देताना म्हणाले, "कंपनीतल्या भट्टीच्या तोंडातपण कायतरी असंल, मनू. कुणीतरी काढलं असंल, आणि त्याला ठावं असंल." चाकणच्या दिशेला दिवे लागत होते, तिकडं त्यांनी एकदा बघितलं.

"चार दिवसांनी का व्हईना, तू आलीस. त्यो अजून यायचाय."